गाडी मिसिंग करतेय? कॉइल-प्लग विकत घ्यायच्या आधी दोष नेमका कुठं आहे ते शोधा

मागच्या जुलैत पुण्याहून कराडला चालले होते, गाडीत मी आणि सासूबाई दोघीच. शिरवळ मागं पडलं, खंडाळ्यापाशी पाऊस वाढला आणि खंबाटकीचा चढ सुरू झाला तशी गाडी झटके द्यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर पळायच्या ऐवजी गचके खाते, पाय सैल केला की जरा शांत, परत दाबला की परत तेच, आणि डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा नुसता लागला नव्हता, लुकलुकत होता. मागं ट्रकची रांग, समोर धुकं. आई म्हणाल्या, "अगं, गाडी लंगडतेय का?" त्यांना गाडीतलं काही कळत नाही, पण शब्द अगदी अचूक होता. चारातला एक सिलेंडर काम करत नव्हता (यालाच मिसिंग किंवा मिसफायर म्हणतात), गाडी तीन पायांवर घाट चढत होती.

वाईट याचं वाटलं की हा त्रास काही नवा नव्हता. एप्रिलपासून सीएनजीवर चढाला झटके बसायचे आणि पेट्रोलवर टाकली की गाडी मस्त चालायची. दोन वेळा दाखवली, दोन्ही वेळा एकच उत्तर, "मॅडम, सीएनजी किटचा प्रॉब्लेम आहे." गॅस फिल्टर बदलला, ट्यूनिंग केलं, इंजेक्टर साफ केले, सगळं मिळून नऊ हजारांच्या वर गेले आणि पुढं रेग्युलेटर बदलायचं एस्टिमेट पण हातात दिलं होतं. कराडच्या मिस्त्रींनी वीस मिनिटांत दोष शोधला, तोही एकही नवीन पार्ट न लावता. त्यांनी तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरला लावली, एवढंच. पुढं सविस्तर सांगते.

तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या गाड्यांचे असे किस्से ऐकले, काही ठिकाणी स्वतः बोनेट उघडून बघितलं, आणि सगळ्यांचे पैसे एकाच कारणानं गेलेले दिसले, ते म्हणजे अंदाजानं पार्ट बदलणं. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितेय. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे बरं का, डिझेलमध्ये स्पार्क प्लगच नसतो, तिथं डिझेल दाबानं तापलेल्या हवेत आपोआप पेटतं.

आधी दोन मिनिटं, स्पार्क कसा पडतो

बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या टोकाला साधारण एक मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात, कॉइलची ताकद २० ते ४० हजार व्होल्टपर्यंत असते. १२ चे इतके हजार करायचं काम इग्निशन कॉइल करते. ठिणगी कधी टाकायची ते इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम ठरवतो, आणि त्याला इंजिन कुठल्या कोनात फिरतंय ते क्रँक सेन्सर सांगतो. ३००० आरपीएमला प्रत्येक सिलेंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. जुन्या गाड्यांत एकच कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर असायचा, आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते, काहींमध्ये दोन सिलेंडरला मिळून एक.

आता महत्त्वाचं. सिलेंडरमध्ये दाब जितका जास्त तितकी ठिणगीला फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. उभ्या गाडीत, आयडलिंगला दाब कमी असतो, म्हणून अर्धमेली कॉइलसुद्धा तिथं वेळ मारून नेते. घाटात तिसऱ्या गिअरला जोर दिला की दाब वाढतो आणि तिचं पितळ उघडं पडतं. ठिणगीला मग फटीतून जाण्यापेक्षा कॉइलपासून प्लगपर्यंत उतरणारी रबराची नळी, म्हणजे रबर बूट, फोडून इंजिनाच्या धातूत जाणं सोपं पडतं. आणि सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. म्हणजे प्लग किंवा कॉइल थकली की तक्रार पहिल्यांदा सीएनजीवर येणार, पेट्रोलवर नंतर. हे मला एप्रिलमध्ये कुणी सांगितलं असतं तर ते नऊ हजार वाचले असते. "पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर झटके" म्हणजे किट खराब असं नाही, आधी प्लग-कॉइल बघायची आणि मग किटला हात लावायचा.

पहिलं काम: वही काढा

हसू नका, खरंच. मेकॅनिककडं जायच्या आधी आठवडाभर एवढं टिपून ठेवा की त्रास गाडी थंड असताना होतो की गरम झाल्यावर, पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर होतो का, फक्त चढाला होतो की सिग्नलला उभी असताना पण थरथरते, पेट्रोल की सीएनजी, एसी चालू असताना वाढतो का, शेवटचे प्लग किती किलोमीटरला बदलले. निम्मा दोष इथंच सापडतो. चढाला आणि जोर दिल्यावर झटके म्हणजे प्लग, कॉइल, रबर बूट. सकाळी ओल्या हवेत मिस मारते आणि तापल्यावर सुधारते म्हणजे ओल, चिरलेलं रबर, जुनी प्लग वायर. तापल्यावर अचानक बंद पडते, वीस मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी चालू होते, म्हणजे पहिला संशय क्रँक सेन्सरवर. खड्ड्यातून गेली की क्षणभर सगळे दिवे जाऊन येतात, म्हणजे इग्निशन स्विच, बॅटरीचं टर्मिनल नाहीतर अर्थिंग.

अजून एक ढोबळ खूण, स्पार्कचा दोष अचानक येतो, फट्कन झटका बसतो, आणि पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी हळूहळू दम सोडल्यासारखी मागं पडते. दर वेळी असंच होतं असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

रस्त्यात असाल तर

पिवळा दिवा स्थिर असेल तर हळू चालवत जवळच्या गॅरेजला जाता येतं. दिवा लुकलुकत असेल तर तो गाडी सांगतेय की मिसफायर इतका जोरात आहे की सायलेन्सरच्या लायनीतला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो, कारण सिलेंडरमध्ये न पेटलेलं पेट्रोल तसंच पुढं जाऊन तिथं पेटतं. कन्व्हर्टरची किंमत एकदा विचारून बघा, कॉइल त्यापुढं काहीच नाही. अशा वेळी जोर देऊ नका, जागा मिळाली की बाजूला घ्या. मी घाटात जागा नव्हती म्हणून पाय अगदी हलका ठेवून, पार्किंग लाइट चारही चालू करून वर आले आणि घाट संपल्यावर थांबले. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही हेल्पलाइन आहे, नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर घाबरून चावी मागं लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. पॉवर स्टिअरिंग जाऊन हातात जड लागेल पण वळतं. ब्रेकला इंजिनाच्या ओढीची मदत एक-दोन वेळा दाबेपर्यंतच राहते, म्हणून पंप करत बसू नका, एकदाच घट्ट दाबून गाडी डावीकडं घ्या. न्यूट्रल करून चालता चालता परत सेल्फ मारता येतो.

चालूच होत नसेल तर

सेल्फ फिरतोय का नाही हे आधी बघा. नुसतं टक टक होतंय तर विषय इग्निशनचा म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेचा नाही, बॅटरी, टर्मिनल किंवा स्टार्टरचा आहे. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे निम्मी, आणि सेल्फ मारताना १० च्या खाली घसरत असेल तर बॅटरीच कमजोर समजा. कमजोर बॅटरीवर सेल्फ फिरतो पण कॉइलला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही असंही होतं आणि मग लोक प्लग बदलत बसतात. चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ दिसलं म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय.

सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी पकडत नाही? चावी ऑन करून दोन सेकंद कान द्या, मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा बारीक घूं आवाज येतो. आला तर पुढं बघा की चावीच्या चित्राचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतोय का, तो इमोबिलायझर आहे. चावीतली चिप गाडीनं ओळखली नाही तर सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही, किंवा चालू होऊन दोन सेकंदात बंद पडते. माझ्या ऑफिसमधल्या एकानं यात कॉइल बदलली होती, चारही! शेवटी घरची दुसरी चावी आणून लावली तर पहिल्या सेल्फला गाडी चालू. चावी खाली पडून चिप निकामी झाली होती. म्हणून दुसरी चावी आधी, बाकी सगळं नंतर.

मग फ्यूज. इग्निशन किंवा ईसीएम लिहिलेला फ्यूज काढून बघायचा, जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावायचा, जास्तीचा अजिबात नाही आणि परत जळाला तर तो का जळतोय ते शोधायचं. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा, बऱ्याच गाड्यांत तो थोडा तरी हलतो, तसा हलत असलेला काटा आता एकदम शून्यावर चिकटला असेल तर क्रँक सेन्सरचा सिग्नल येत नाहीये असा संशय घ्यायचा.

आणि खूप वेळा सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला असेल तर प्लग पेट्रोलनं भिजलेत. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा आणि तसाच पाच-सात सेकंद सेल्फ मारा, बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केलं की पेट्रोल बंद होऊन नुसती हवा जाते आणि प्लग वाळतात.

कोड वाचा, पण कोडवर विश्वास टाकून पार्ट घेऊ नका

२०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे ईसीएमनं नोंदवलेले दोषांचे कोड वाचायचा, सोळा पिनांचा सॉकेट असतो. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर ऑनलाइन मिळतो, मोबाइलवर अ‍ॅप टाकायचं आणि कोड वाचायचे. पी०३०० म्हणजे कुठलाही सिलेंडर मिस मारतोय, पी०३०१ म्हणजे एक नंबरचा, पी०३०२ दोनचा, असं पुढं. पी०३५१ पासून पुढचे कॉइलच्या वायरिंगच्या बाजूचे, पी०३३५ क्रँक सेन्सरचा.

पण इथं लोक फसतात. पी०३०३ आला म्हणजे "तीन नंबरची कॉइल गेली" असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही. त्याचा अर्थ एवढाच की तीन नंबर सिलेंडर नीट पेटत नाहीये. कॉइल, प्लग, इंजेक्टर, वायर, व्हॉल्व्ह, काहीही असेल. कोड आपल्याला घराचा पत्ता देतो, घरात चोर कुठल्या खोलीत आहे ते आपण शोधायचं. आणि एक काम नक्की करा, कोड पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा, गॅरेजमध्ये पहिल्यांदा तेच पुसतात.

आता ती अदलाबदल

कराडच्या मिस्त्रींनी केलं ते हे. माझ्या गाडीला पी०३०३ होता. त्यांनी इंजिन थंड होऊ दिलं, मला म्हणाले, "ताई, चहा घेऊन या, गरम इंजिनाचा प्लग मी काढत नाही." कारण हेड, म्हणजे सिलेंडरच्या वरचा प्लग बसतो तो भाग, अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे निघून येऊ शकतात, आणि मग हेडचंच काम निघतं.

आल्यावर बघते तर त्यांनी आधी चारही कॉइलवर खडूनं १, २, ३, ४ लिहिलं होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढली. कपलरची (वायर कॉइलला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या टोकाची) क्लिप अंगठ्यानं दाबून सरळ ओढली, वायर धरून नाही. कॉइलचा दहाचा बोल्ट काढला, कॉइल आधी जागेवरच अर्धा वेढा डावी-उजवी फिरवून सैल केली आणि मग वर ओढली, कारण आतलं रबर प्लगला चिकटलेलं असतं आणि एकदम ओढलं की फाटून खालीच राहतं. तीनची कॉइल एकला, एकची तीनला. प्लगला हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, दोन हलवल्या की काही कळत नाही. मग निगेटिव्ह लावली, कोड पुसला, मला शेजारी बसवून गाडी सीएनजीवर टाकली आणि कार्वे नाक्याकडं एक चक्कर मारली, चौथ्या गिअरला मुद्दाम जोर देत. परत झटके, परत दिवा. स्कॅनर लावला, पी०३०१.

दोष कॉइलबरोबर चालत गेला होता. म्हणजे कॉइल किंवा तिचं रबर, दुसरं काही नाही. कोड तीनलाच राहिला असता तर पुढची पायरी प्लग तीनचा एकला घालून परत बघायची, तरी तीनलाच राहिला तर कपलर-वायरिंग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. याच क्रमानं, कारण स्वस्त आणि सोपं आधी.

मग त्यांनी ती कॉइल उजेडात धरून रबराची नळी वाकवली. सरळ असताना काही दिसत नव्हतं. वाकवल्यावर एका बाजूला केसाएवढी चीर उघडली आणि तिच्या कडेला पांढरट राखेसारखा डाग. तीनचा प्लग बाहेर काढला तर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली एक बारीक काळी रेघ, शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी. कापडानं पुसली तरी जाईना. ठिणगी रोज तिथून पळून जात होती, तिनं स्वतःला वाट करून घेतली होती. ही रेघ दिसली की प्लग आणि रबर दोन्ही एकत्र बदलायचं, एकच बदललं तर जुन्यावरची रेघ नव्याला पण खराब करते. माझ्या गाडीच्या कॉइलचं रबर वेगळं मिळत होतं, त्यामुळं कॉइल वाचली, रबर बूट आणि चार प्लग एवढ्यावर भागलं.

ज्यांच्या गाडीत दोन पिनांची साधी कॉइल आहे त्यांना मल्टिमीटरवर प्रायमरीचा, म्हणजे कॉइलमधल्या १२ व्होल्टच्या बाजूच्या वेटोळ्याचा, ओहम बघता येतो, साधारण एक ओहमच्या आगेमागे असतो, नक्की आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा धरा. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, तिथं मीटर काही सांगत नाही, अदलाबदलच खरी. आणि मीटरवर बरोबर दाखवणारी कॉइल तापल्यावर दगा देऊ शकते हेही लक्षात असू द्या.

एक कळकळीनं सांगते. चालू इंजिनाची कॉइल किंवा प्लग वायर हातानं उपटून "करंट येतोय का" बघायची जुनी पद्धत सोडून द्या. माझे वडील पकडीनं वायर धरून बघायचे, त्या काळात चालून गेलं. आताच्या कॉइलचा धक्का जोरदार असतो, हृदयाला पेसमेकर असलेल्या माणसानं तर चालू इंजिनाच्या त्या भागाजवळ वाकूच नये. शिवाय ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि ईसीएम दोन्ही जाऊ शकतात.

प्लग काय सांगतो

चारही प्लग काढले की क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलनं ओला म्हणजे तिथं पेटतच नाहीये. ऑइलनं चिकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम, प्लग बदलून काही होणार नाही. पांढरं फटक, फोड आल्यासारखं टोक म्हणजे जास्त तापतोय. आणि चिनी मातीच्या बुडाशी, लोखंड सुरू होतं तिथं, तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नका, ते तसं येतंच, पुष्कळ लोक त्याला गळती समजून चांगले प्लग फेकतात. वलय आणि उभी काळी रेघ यातला फरक ओळखता आला पाहिजे.

एकाच प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथं, ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरची पॅकिंग आणि प्लगच्या विहिरीचे सील गेलेत. ऑइल रबर फुगवून खातं. ते न बदलता नवीन कॉइल लावली तर काही महिन्यांत परत तिथंच याल.

साधे निकेलचे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर, इरिडियमचे ८० हजार ते एक लाखापर्यंत चालतात, सीएनजीवर चालणाऱ्या गाडीला यापेक्षा लवकर बदला. माझी गाडी ५२ हजारांवर त्याच साध्या प्लगवर होती आणि बिलात कधी "प्लग चेक्ड" असं लिहिलेलं असायचं. गॅप म्हणजे प्लगच्या टोकाची फट, ती फीलर गेजच्या पातळ पट्टीनं मोजायची, आकडा गाडीच्या पुस्तकातला, सीएनजीला बऱ्याचदा थोडी कमी ठेवतात. इरिडियमचं टोक मात्र ठोकून-वाकवून गॅप करायला जाऊ नका, सुईसारखं नाजूक असतं, तुटतं.

पाऊस, उंदीर आणि आपलं धुणं

आपल्याकडं जून ते सप्टेंबरात इग्निशनच्या तक्रारी का वाढतात याचं उत्तर बऱ्याचदा काचेखालच्या जाळीत असतं. वायपरच्या खाली पानं, फुलं, कचरा साचतो, पाण्याची नाळ तुंबते आणि काही गाड्यांत ते पाणी सरळ कॉइलवर ठिबकतं. आमच्या सोसायटीत बहाव्याखाली लागणाऱ्या दोन गाड्यांना हाच त्रास, दोघांनी प्लग बदलले, खरं काम होतं मूठभर पानं काढायचं. पावसाळ्याआधी ती जाळी साफ करा.

इंजिनावर प्रेशरनं पाणी मारून धुवून घेऊ नका, कितीही चकचकीत दिसलं तरी. प्लगच्या विहिरीत पाणी उतरतं आणि तिथून ते वाळत नाही. ओलीमुळं मिस मारतेय असं वाटलं तर अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवून लांबून बघा, चिरलेल्या वायरीवर किंवा रबरावर बारीक निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. जुनी डिस्ट्रिब्युटरवाली गाडी असेल तर कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा. वडिलांच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत डॅशबोर्डला पिवळं फडकं कायम असायचं ते याचसाठी.

उंदरांचं तर काय सांगू. पावसात उबेला बोनेटमध्ये येतात. शेजारच्या काकांची गाडी रात्री चांगली होती, सकाळी तीनच सिलेंडरवर, कॉइलचा कपलर तसाच आणि वायर मागून कुरतडलेली, वरून काही दिसत नव्हतं. म्हणून कपलर काढून वायरवर शेवटपर्यंत बोट फिरवा. अशी वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाची सोय, नीट सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह घालून घ्या.

गरम झाली की बंद

माझ्या दिरांची गाडी ठाण्याहून येताना घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडायची, टोइंगवाला येईपर्यंत चालू व्हायची. गॅरेजला नेली की काही सापडत नाही, कारण तोवर थंड झालेली. असं तीन वेळा झालं. क्रँक सेन्सरच्या आतली बारीक तार तापल्यावर तुटक होते आणि थंड झाल्यावर परत जुळते, म्हणून दोष पळतो. बंद पडलेल्या क्षणीच सेल्फ मारून काटा बघायचा, जमलं तर व्हिडिओ काढायचा. त्यांनी तेच केलं, काटा शून्यावर, व्हिडिओ दाखवल्यावर मेकॅनिकनं आणखी शोधत न बसता सेन्सर बदलला. लोकल कंपनीचा सेन्सर इथं घेऊ नका, पार्ट छोटा असला तरी त्याच्यावर पूर्ण इंजिन उभं आहे.

चावीचा जुडगा

इग्निशन स्विचकडं कुणी बघत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला शेवरोले कोबाल्ट आणि इतर मॉडेल मिळून २६ लाखांच्या आसपास गाड्या याच पार्टसाठी परत बोलवाव्या लागल्या. स्विचची पकड इतकी सैल होती की जड जुडग्यानं किंवा धक्क्यानं चावी चालत्या गाडीत स्वतःच मागं सरकायची, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीच्या भरपाई निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलं होतं की चावी एकटी वापरा, जुडगा नको. आपल्याकडं घराच्या, ऑफिसच्या, गोडाउनच्या, टू-व्हीलरच्या चाव्या आणि वर पितळेचा गणपती असा पाव किलोचा जुडगा गाडीला लटकवायची सवय आहे. चावी वेगळी करा, आजच. चावी ऑन ठेवून हळूच हलवली की डॅशबोर्डचे दिवे मिचकावत असतील तर स्विच बदलून घ्या, बंद पडायची वाट बघू नका.

नवीन बसवताना

प्लग काढायच्या आधी विहिरीत हवा मारून घ्या, नाहीतर वाळूचे कण सिलेंडरमध्ये पडतात. नवीन प्लग पाण्याच्या रबरी नळीच्या तुकड्यात खोचून हातानं फिरवत बसवा, आटा चुकला तर नळी घसरते आणि हेड वाचतं. हातानं बसला की मग पाना, वायसर असलेल्या नवीन प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश वेढा, टॉर्क पाना असेल तर पुस्तकातला आकडा. आट्याला ग्रीस लावू नका, त्यानं गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. रबर बूटच्या आत मात्र डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचं पातळ बोट फिरवा, ओल आत जात नाही आणि पुढच्या वेळी रबर फाटत नाही. कपलरचा "टक्" आवाज येईपर्यंत दाबा.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

"मिसिंग आहे, बघा" एवढंच सांगून चावी देऊ नका. वही दाखवा, कोडचा फोटो दाखवा, आणि स्पष्ट म्हणा की कॉइल अदलाबदल करून कोड हलतो का ते बघा आणि मला दाखवा. जो मेकॅनिक हे ऐकून खूश होतो तो आपला माणूस. जुने पार्ट परत मागा. प्लग आणि कॉइल डुप्लिकेट भरपूर येतात, कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून बिलासकट घ्या, पन्नास-शंभर रुपये वाचवून उपयोग नाही. चारही कॉइल एकदम बदलायचा आग्रह झाला तर विचारा का. प्लग चारही एकत्र बदलावेत, कॉइल गेलेली तेवढीच, हं, गाडी लाख किलोमीटरच्या पुढं असेल आणि वर्षभरात दुसरी गेली असेल तर बाकीच्या घेणं योग्य.

काम झाल्यावर गॅरेजच्या गल्लीत चक्कर मारून पैसे देऊ नका. ज्या परिस्थितीत त्रास होत होता तीच परत आणा, चढ होता तर चढ, सीएनजी होता तर सीएनजी, गरम झाल्यावर होत होता तर अर्धा तास चालवून. मी कराडहून परत पुण्याला आले आणि मुद्दाम पुढच्या रविवारी आईंना घेऊन परत निघाले, त्यांना गावी काम पण होतंच. खंबाटकीला सीएनजीवरच ठेवली, तिसरा गिअर, एसी चालू, पाऊस तसाच. पिवळा दिवा लागला नाही. घाटमाथा आल्यावर बघितलं तर आई शांत झोपल्या होत्या.